वाचून दाखवलेला कागद : खात्यातून परस्पर होणाऱ्या वसुलीचा पूर्वेतिहास

१

वसुलीच्या व्यवहाराला मराठीत शब्दांची वाण कधीच पडली नाही. तगादा, उगवणी, तहशील, जप्ती, हप्ता, कपात ही नुसती वानगी झाली. यांतील बहुतेक शब्दांमागे कोणी ना कोणी माणूस उभा दिसतो. कोणी तगादा लावतो, कोणी जप्ती आणतो, कोणी दारात बसून राहतो. मात्र गेल्या तीसेक वर्षांत रुळलेल्या एका पद्धतीला मराठीने अद्याप स्वतःचे नाम दिलेले नाही. या पद्धतीत देयकाची रक्कम ठरलेल्या तारखेस ग्राहकाच्या बँक खात्यातून परस्पर घेणेकऱ्याच्या खात्यात जाते. ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या घरांतून ‘बिलाला ईसीएस लावलंय’ किंवा ‘पाच तारखेला खात्यातून कापले जातात’ अशी वाक्ये ऐकू येतात. ईसीएस ही व्यवस्था मागे पडून काही वर्षे लोटली, तरी बोलण्यातले तिचे नाव गेलेले नाही.

‘कापले जातात’ हा प्रयोग भाषेच्या अभ्यासकाने जरा थांबून पाहावा असा आहे. क्रियापद कर्मणी आहे आणि कर्ता लुप्त आहे. पैसे कोण कापतो? बँक, कंपनी, यंत्र, की ज्याने कधीतरी एका कागदावर सही केली तो खातेदार स्वतः? कायद्याच्या दृष्टीने उत्तर सरळ आहे. खातेदाराने दिलेल्या संमतीवरून घेणेकरी रक्कम मागतो आणि बँक ती देते. बोलण्यात मात्र या तिघांपैकी कोणीच उरत नाही.

या लुप्त कर्त्याचा इतिहास शोधणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. हा इतिहास वाटतो तितका अलीकडचा नाही, आणि तो केवळ यंत्रांचाही नाही. ‘माझ्या वतीने, मी समोर नसतानाही, पुन्हा पुन्हा पैसे द्यावेत’ अशी संमती या प्रदेशातील माणसे फार पूर्वीपासून देत आली आहेत. प्रत्येक काळात त्या संमतीविषयी तेच तीन प्रश्न उपस्थित झालेले दिसतात. कागद देणाऱ्याला वाचून दाखवला गेला का? त्याची प्रत कोणाच्या घरी राहिली? त्याची मुदत कोणी ठरवली? या प्रश्नांना त्या त्या काळाने दिलेली उत्तरे हाच वसुलीच्या सभ्यतेचा खरा मापदंड होय, असे आमचे म्हणणे आहे.

२

आधी आजची रीत थोडक्यात पाहू. धनादेशाच्या व्यवहारात देणारा स्वतः लिहितो. तारीख, रक्कम, घेणाऱ्याचे नाव आणि सही हे सारे दर वेळी नव्याने त्याच्या हातून होते. खात्यातून परस्पर होणाऱ्या वसुलीत ही दिशा उलटते. देणारा एकदाच संमतीपत्र भरून देतो. पुढे दर महिन्याला घेणारी संस्था आपल्या सर्व ग्राहकांच्या रकमांची यादी आपल्या बँकेला देते, ती यादी समाशोधनाच्या मध्यवर्ती व्यवस्थेतून फिरते आणि प्रत्येक ग्राहकाच्या बँकेपर्यंत तिचा तिचा हिस्सा पोहोचतो. पहिल्या पद्धतीत पैसा देणाऱ्याकडून पाठवला जातो, दुसरीत तो घेणाऱ्याकडून ओढला जातो.

कर्जाच्या हप्त्याची रक्कम बहुधा ठरलेली असते, देयकाची नसते. विजेचे बिल मे महिन्यात फुगते आणि जानेवारीत उतरते, दूरध्वनीचे बिल बोलण्यावर अवलंबून असते. म्हणून संमतीपत्रावर दोन पर्याय छापलेले असतात, ठरावीक रक्कम आणि कमाल रक्कम. देयकांसाठी दुसऱ्यावर खूण होते आणि तेथे लिहिला जाणारा आकडा नेहमीच्या बिलाहून पुष्कळ मोठा ठेवण्याकडे कल असतो. वारंवारतेच्या रकान्यात मासिक, त्रैमासिक, सहामाही, वार्षिक यांच्या शेवटी आणखी एक पर्याय असतो. त्याचा मराठी अर्थ ‘जेव्हा सादर होईल तेव्हा’ असा होईल. मुदतीच्या रकान्यातही पुष्कळ वर्षे ‘रद्द करेपर्यंत’ असा पर्याय छापलेला असे. सर्वसाधारण ग्राहक ज्याला ‘फॉर्म’ म्हणतो त्याच्या या तीन शब्दसमूहांत, म्हणजे ‘कमाल रक्कम’, ‘जेव्हा सादर होईल तेव्हा’ आणि ‘रद्द करेपर्यंत’ यांत, किती देणार, कधी देणार आणि कोठवर देणार या तिन्ही गोष्टी सैल सोडलेल्या आहेत. हे तीन शब्दसमूह एकत्र वाचले की संमतीपत्र हा वाचण्याजोगा मजकूर आहे, हे ध्यानात येते.

३

आता एकदम मागे जाऊ. नाशिकजवळच्या पांडव लेण्यांतील १० क्रमांकाच्या लेण्यात क्षहरात राजा नहपान याचा जामात उषवदात याचे लेख आहेत. ते इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांतील. त्याच लेखांत त्याच्या सोपाऱ्याच्या दानांचाही उल्लेख येतो. सोपारा २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत ठाणे जिल्ह्यातच होते, तेव्हा हा शिलालेख आपल्या परिसराला परका नाही.

उषवदाताने भिक्षूंसाठी ३००० कार्षापण ‘अक्षयनीवी’ म्हणून ठेवले. पैकी २००० गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा दर शेकडा १ या व्याजाने, आणि १००० दुसऱ्या विणकर श्रेणीकडे दरमहा दर शेकडा पाऊण या व्याजाने. मुद्दल परत घ्यायचे नाही, केवळ व्याजाचा उपभोग घ्यायचा. २००० कार्षापणांवरील व्याज महिन्याला २०, म्हणजे वर्षाला २४० होते. लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यायचे होते. हिशेब काटेकोर जुळतो. दात्याने दर वर्षी नव्याने दान करण्याची गरज उरली नाही. त्याने एकदा सांगितले आणि श्रेणी देत राहिली.

आपल्या दृष्टीने सर्वांत मोलाचा भाग लेखाच्या शेवटी येतो. ही सारी तजवीज निगमसभेत ऐकवली गेली आणि रीतीप्रमाणे फलकावर नोंदवली गेली, असे तेथे सांगितले आहे. ‘श्रावित’, म्हणजे ऐकवलेले, हा त्यातील कळीचा शब्द. राजाच्या जामाताचा शब्दही चारचौघांत वाचून दाखवल्याखेरीज पक्का होत नव्हता, आणि त्याची नोंद सर्वांना दिसेल अशा ठिकाणी राहत होती. येथे बंधन देणाऱ्या श्रेणीवर होते आणि घेणारे भिक्षू होते, हा फरक मान्यच आहे. परंतु पुनरावृत्त देण्याची एकदाच बांधलेली, सर्वांना ऐकवलेली आणि लिहून ठेवलेली व्यवस्था म्हणून या लेखाचे स्थान या इतिहासात पहिल्या रांगेतले आहे.

कान्हेरीच्या लेखांत कल्याणच्या रहिवाशांची आणि व्यापाऱ्यांची दाने नोंदलेली आहेत. पुढे नवव्या शतकात, उत्तर कोकणावर शिलाहारांचा अंमल असताना, कान्हेरीलाच द्रम्मांच्या रूपातील अक्षयनीवी पुन्हा दिसतात. शिलाहारांची राजधानी श्रीस्थानक, म्हणजे आजचे ठाणे. त्यांच्या ताम्रपटांतून दानाची मुदत सांगणारा शब्द येतो तो ‘आचंद्रार्क’, म्हणजे चंद्रसूर्य असेपर्यंत. दान मोडणाऱ्यासाठी शापवचने असत. ठाणे आणि रायगड परिसरात सापडणारे गद्धेगाळ हे तर शिळेवर कोरलेले शापच आहेत.

‘आचंद्रार्क’ आणि ‘रद्द करेपर्यंत’ या दोन मुदतींमधले अंतर केवळ शैलीचे नव्हे. शिलाहार राजा स्वतःवर आणि आपल्या वंशजांवर बंधन घालून घेत होता. मुदत अमर्याद होती, पण ती बलवानाने स्वतःवर घातलेली होती. छापील संमतीपत्रातील अमर्याद मुदत घेणारा ठरवतो आणि देणारा तिच्याखाली सही करतो. मुदत तीच राहूनही ती कोणाच्या हातून लिहिली गेली यावर तिचा अर्थ बदलतो.

४

मराठेशाहीत सरकारी देणे भागवण्याचे एक साधन ‘वरात’ हे होते. लग्नाच्या वरातीशी तिचा संबंध नाही. एखाद्या महालाच्या वसुलातून अमुक इसमास अमुक रक्कम द्यावी, असा तो लेखी हुकूम असे. वरात हाती आली म्हणजे पैसा हाती आला असे नव्हे. वरातदाराने कल्याणच्या सुभ्यावर किंवा ज्या महालावर वरात असेल तेथे जावे आणि अंमलदाराकडून रक्कम पदरात पाडून घ्यावी. कागद तयार असे, वसुलीची यातायात मात्र घेणाऱ्याच्या माथी राही.

खासगी देण्याघेण्यात तर घेणेकऱ्याला देणेकऱ्याच्या दारापर्यंत जावेच लागे. ‘मोहसल’ बसवणे म्हणजे देणेकऱ्याच्या दारी तगाद्यासाठी शिपाई बसवणे. त्याचे खाणेपिणेही देणेकऱ्याच्याच अंगावर. याहून उग्र प्रकार ‘धरणे’ धरण्याचा. घेणेकरी, अथवा त्याच्या वतीने एखादा ब्राह्मण, दारात उपाशी बसे आणि घरातल्यांनाही सुखाने जेवू देत नसे. हा प्रकार इतका रुळलेला होता की १८६०च्या भारतीय दंडसंहितेत, दैवी कोपाची भीती घालून एखाद्याकडून काही करवून घेण्याच्या गुन्ह्याचे कलम ५०८ लिहिताना, दारात धरणे धरणाऱ्याचेच उदाहरण दिले गेले. आज ‘धरणे’ म्हटले की जिल्हाधिकारी कार्यालयापुढचा मंडप आठवतो. या शब्दाचा जन्म उधारीच्या वसुलीत झाला, याचा आपल्याला विसर पडला आहे.

परस्पर वसुलीने काय हिरावले याची चर्चा करण्यापूर्वी तिने काय संपवले हेही मान्य केले पाहिजे. दारातला माणूस तिने बऱ्याच अंशी संपवला. शेजारीपाजारी पाहत असताना ज्याच्या उंबऱ्यावर मोहसल बसला असेल, त्याला खात्यातून निमूट वळती होणारी रक्कम ही अप्रतिष्ठेतून सुटकाच वाटली असती.

दारातल्या माणसाची जागा कागदाने घेतली ती एकोणिसाव्या शतकात. तो कागद म्हणजे कर्जरोखा. १८५९च्या मुदतीच्या कायद्याने साध्या रोख्यावरील दाव्याला तीन वर्षांची मर्यादा घातली. हेतू ऋणकोच्या रक्षणाचा होता, परिणाम उलटा झाला. दर तीन वर्षांनी सावकार व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहवून घेऊ लागला. शेतकरी निरक्षर, रोख्यात काय लिहिले हे सावकार सांगेल तेच, आणि खाली अंगठा. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे उठाव झाला आणि पुढे पुणे-नगर भागात तो पसरला, तेव्हा जमावाचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. रोखे हिसकावून जाळले गेले. ज्या कागदातली अक्षरे आपल्याला वाचता येत नाहीत त्याने आपले शेत नेले, हे त्या जमावाला पक्के ठाऊक होते.

चौकशी आयोगानंतर १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. तो आरंभी पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू होता. त्यातील एक तरतूद साहित्याच्या विद्यार्थ्यांनी आवर्जून लक्षात ठेवावी. शेतकऱ्याचा रोखा गावच्या निबंधकासमोर लिहिला जावा, तो मोठ्याने वाचून दाखवला जावा आणि मगच त्यावर निशाणी व्हावी. मूळ कागद ज्याचा त्याला मिळे, पण दुसऱ्या पक्षालाही त्याची प्रमाणित नक्कल द्यावी लागे. फेड केल्याची पावती, वार्षिक हिशेब आणि खातेपुस्तक मागण्याचा अधिकारही शेतकऱ्याला मिळाला. गोवर्धनच्या निगमसभेतील ‘श्रावित’ हा शब्द सतराशेहून अधिक वर्षांनी, कोणीही हेतुतः आठवण न काढता, कायद्याच्या कलमात परतला होता.

५

ठाणे-कल्याण पट्ट्यात ही गोष्ट वेगळ्या अंगाने पुढे सरकली. बोरीबंदर-ठाणे रेल्वे १८५३ मध्ये सुरू झाली आणि १८५४ मध्ये ती कल्याणपर्यंत आली. स्वातंत्र्यानंतरच्या काळात डोंबिवली हे चाकरमान्यांचे गाव म्हणून वाढले. येथील कुटुंबाचे उत्पन्न शेतीच्या हंगामावर अवलंबून नव्हते. ते पहिल्या तारखेला येई, आणि जे उत्पन्न तारखेला येते त्याच्यावर तारखेला हात घालता येतो. परस्पर वसुलीचे सामाजिक अधिष्ठान हेच. बँक खात्याला हात लागण्यापूर्वी ती पगारपत्रकापर्यंत पोहोचली होती.

१९३६च्या वेतन प्रदान कायद्याने मालकाला मजुरीतून कोणत्या कपाती करता येतील याची यादीच घालून दिली. तीत सहकारी संस्थांच्या देण्याचा समावेश होता, आणि एकूण कपातीला पुढे वेतनाच्या प्रमाणात मर्यादाही घातली गेली. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४९ ने सभासदाला आपल्या पतसंस्थेला असा करार लिहून देता येऊ लागला की, मालकाने माझ्या पगारातून हप्ता कापून परस्पर संस्थेकडे भरावा. रेल्वे, गिरण्या, कचेऱ्या यांतील नोकरदारांच्या पतपेढ्या या करारावर उभ्या राहिल्या. मुलीचे लग्न, डोंबिवलीतील खोलीची पागडी किंवा पुढे सदनिकेचा पहिला हप्ता, अशा निकडींना पतपेढी धावून येई. आयुर्विमा महामंडळाच्या पगारबचत योजनेतही विम्याचा हप्ता पगारातूनच वळता होई. ‘कापले जातात’ हा प्रयोग बँकेच्या काउंटरवर नव्हे, तर पगाराच्या पाकिटावर जन्मला असावा, असे म्हणण्यास जागा आहे. ‘हातात किती येतात?’ हा प्रश्न त्याचाच जुळा भाऊ.

या काळात परस्पर कपातीच्या जोडीने प्रत्यक्ष देवघेवीची एक दाट व्यवस्थाही नांदत होती. वाण्याकडचे महिन्याचे खाते ज्या छोट्या वहीत लिहिले जाई ती वही पुष्कळदा गिऱ्हाइकाच्या घरी राही. सामान आणायला जाताना ती न्यायची, वाण्याने त्यात लिहायचे आणि परत आणायची. दुधाचे कार्ड, पेपरवाल्याचे बिल यांचेही तसेच. महिनाअखेर हिशेब होई तेव्हा ‘सतरा तारखेला पेपर आला नव्हता’ असे म्हणता येई, आणि तेवढे पैसे वजा होत. पैसे देण्याचा क्षण हाच तक्रारीचाही क्षण होता. रोज संध्याकाळी दुकानादुकानांतून फिरून ठेवी गोळा करणारा पिग्मी एजंटही दर वेळी देणाऱ्याच्या पुस्तकात नोंद करून जाई. १८७९च्या कायद्याने शेतकऱ्याला जे खातेपुस्तक मिळवून दिले, ते वाण्याच्या वहीच्या रूपाने शहरी घरात रीत म्हणूनच नांदत होते.

६

सहकाराच्या याच वातावरणात डोंबिवली नागरी (१९७०), ठाणे जनता (१९७२) आणि कल्याण जनता (१९७३) या सहकारी बँका उभ्या राहिल्या. चाकरमान्याचे खाते आपल्या गावच्या बँकेत आले आणि त्याच्यामागोमाग धनादेशही आला. गृहकर्ज, वाहनकर्ज देताना पुढील तारखांचे धनादेश गठ्ठ्याने सही करून घेण्याची प्रथा पडली. १८८१च्या चलनक्षम दस्तऐवज कायद्यात १९८८ मध्ये कलम १३८ घातले गेले आणि धनादेश न वटणे हा फौजदारी गुन्हा ठरला. सही करून दिलेला गठ्ठा हे आता केवळ वचन राहिले नव्हते, त्याला तुरुंगाची किनार आली होती.

१९९०च्या दशकाच्या मध्यास रिझर्व्ह बँकेने ईसीएस आणली. लाभांश, व्याज यांसारख्या रकमा जमा करणारी एक शाखा आणि देयके, हप्ते, विम्याचे प्रीमियम खात्यातून घेणारी दुसरी. खाते ओळखण्यासाठी धनादेशाच्या तळाशी छापलेला नऊ अंकी एमआयसीआर क्रमांक वापरला जाई. त्याचे पहिले तीन अंक शहराचे, पुढचे तीन बँकेचे, शेवटचे तीन शाखेचे. यात एक गमतीची गोष्ट दडलेली आहे. टपालखात्याच्या लेखी डोंबिवली ४२१२०१ आणि कल्याण ४२१३०१, म्हणजे मुंबईच्या ४०० पासून वेगळी गावे. पण डोंबिवलीतील शाखांचे एमआयसीआर क्रमांक ४०० पासूनच सुरू होतात. पत्रासाठी डोंबिवली मुंबईबाहेर होती, पैशासाठी ती केव्हाच मुंबईत गेली होती.

२००७च्या प्रदान आणि निपटारा प्रणाली कायद्याच्या कलम २५ ने, खात्यात पुरेशी शिल्लक नसल्याने अशी इलेक्ट्रॉनिक वसुली परत जाणे हाही गुन्हा ठरवला. शिक्षा धनादेशासारखीच, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. २००८ मध्ये राष्ट्रीय प्रदान महामंडळ स्थापन झाले आणि त्याने उभारलेल्या ‘नॅच’ या देशव्यापी व्यवस्थेने ईसीएसची जागा घेतली. दरम्यान २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेने, जेथे ईसीएसची सोय आहे तेथे हप्त्यांसाठी नवे पुढील तारखांचे धनादेश घेऊ नयेत, असे बँकांना सांगितले. २०२० मध्ये यूपीआयवरही आवर्ती देण्याची सोय आली.

या वाटचालीत वाण्याच्या वहीचे काय झाले? संमतीपत्र भरून गेले की ते घेणाऱ्याच्या संगणकात जाते. छापील मजकूर बहुधा इंग्रजीत, आणि त्याखाली मराठी सह्या. मोठ्याने वाचून दाखवणारा निबंधक येथे नाही. बिल येते ते भरण्यासाठी नव्हे, तर भरले गेल्याची वर्दी म्हणून, आणि त्यामुळे ते वाचण्याची सवयच मोडते. रीडिंग चुकले, व्यायामशाळेची वर्गणी सोडल्यानंतरही चालू राहिली, अशा तक्रारी पैसे गेल्यानंतर करायच्या असतात. ‘आधी वजा करा, मग देतो’ असे म्हणणारा ग्राहक आता ‘गेलेले परत द्या’ म्हणू लागतो. हक्काची मागणी विनंतीच्या सुरात बोलली जाऊ लागते.

तरीही इतिहास एकाच दिशेने जात नाही. २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने कार्डावरून होणाऱ्या आवर्ती वसुलीसाठी नियम केले आणि १ ऑक्टोबर २०२१ पासून ते कसोशीने अमलात आले. त्यांतील गाभ्याची अट अशी की रक्कम घेण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना जावी, तीत घेणाऱ्याचे नाव, रक्कम आणि तारीख असावी, आणि ग्राहकाला ते देणे किंवा ती संमती नाकारता यावी. ठरावीक मर्यादेवरील रकमेला दर वेळी नव्याने मान्यता हवी. ही मर्यादा आरंभी २००० रुपये, पुढे ५०००, आणि जून २०२२ मध्ये १५,००० झाली. नियम लागू झाले त्या महिन्यात असंख्य सेवांची वसुली अडली आणि पुष्कळांनी कपाळाला आठ्या घातल्या. परंतु ती अडचण म्हणजे जुन्या तत्त्वाचे पुनरागमन होते. भ्रमणध्वनीवर येणारा, बहुधा न वाचताच पुसला जाणारा तो चार ओळींचा संदेश हा निगमसभेतील वाचनाचा आणि गावच्या निबंधकाचा दूरचा वंशज आहे. पुढे नॅचच्या नव्या संमतीपत्रांतून ‘रद्द करेपर्यंत’ हा पर्यायही गेला आणि शेवटची तारीख लिहिणे भाग पडले. आचंद्रार्क मुदतीला अखेर पंचांगातली तारीख मिळाली.

७

येथवर आपण घराच्या बाजूने पाहिले. आता देयक लिहिणाऱ्याच्या बाजूने पाहू, कारण सर्व घेणेकरी बलवान नसतात. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झाले. ठाण्याची वागळे इस्टेट ही त्याची आरंभीची वसाहत, आणि डोंबिवलीची वसाहतही साठच्या दशकातलीच. या वसाहतींतील लहान कारखानदार सुटे भाग, रसायने, वेष्टने तयार करून मोठ्या कंपन्यांना पुरवतात. माल जातो, देयक जाते, आणि मग वाट पाहणे सुरू होते.

या कारखानदाराच्या कर्जाचा हप्ता त्याच्या खात्यातून ठरल्या तारखेस ओढला जातो. पण ज्याच्याकडून त्याला येणे आहे त्या मोठ्या गिऱ्हाइकाकडून तो असे संमतीपत्र लिहवून घेऊ शकत नाही. मागितले तर पुढची ऑर्डर दुसरीकडे जाईल. परस्पर वसुलीचे यंत्र तेच आहे आणि कायदाही सर्वांना सारखाच आहे, तरी ती वसुली बलवान दुर्बळाकडून करू शकतो, दुर्बळ बलवानाकडून नाही. एकाच महिन्यात एकाच माणसाला देताना क्षणाचाही अवधी मिळत नाही आणि घेताना तीन-तीन महिने थांबावे लागते. वरात हाती धरून महालापर्यंत पायपीट करणारा वरातदार डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत अजून भेटतो.

कायद्याने त्याची दखल घेतली, परंतु हळूहळू. विलंबित देण्यावरील व्याजाचा कायदा १९९३ मध्ये आला. २००६च्या सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग विकास कायद्याने लेखी करारातही ४५ दिवसांपलीकडे जाता येणार नाही असे ठरवले, आणि विलंब झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने मासिक चक्रवाढ व्याज लावले. कागदावर ही तरतूद जबरदस्त आहे. पण ती वापरण्यासाठी आपल्याच गिऱ्हाइकाविरुद्ध उभे राहावे लागते, आणि तेवढे बळ ज्याच्यात असते त्याला मुळात कायद्याची फारशी गरज नसते.

म्हणून २०१७ पासून सुरू झालेली ‘ट्रेड्स’ ही व्यवस्था या इतिहासात लक्षणीय ठरते. लहान पुरवठादाराचे देयक तेथे नोंदवले जाते, खरेदीदार कंपनी ते मान्य करते, एखादी वित्तसंस्था काही कसर घेऊन पुरवठादाराला लगेच पैसे देते, आणि मुदत भरली की रक्कम खरेदीदार कंपनीच्या खात्यातून नॅचमार्फत ओढली जाते. ५०० कोटी रुपयांहून अधिक उलाढाल असलेल्या कंपन्यांना २०१८ मध्ये तेथे नोंदणी सक्तीची झाली, आणि २०२४च्या अधिसूचनेने ती मर्यादा २५० कोटींवर आणली. नोंदणी सक्तीची असली तरी प्रत्येक देयक मान्य करणे अद्याप कंपनीच्याच हाती राहते, हे विसरून चालणार नाही. तरीही बलवानाच्या खात्यातून ठरल्या तारखेस रक्कम ओढली जाण्याची ही सोय आहे, आणि ती त्याच्या मान्यतेने, सर्वांना दिसेल अशा नोंदीवरून होते. उषवदाताची तजवीज फलकावर नोंदवली गेली होती, त्याची आठवण येथे होते.

परस्पर वसुली चांगली की वाईट, हा प्रश्न या सगळ्या प्रवासानंतर फारसा उपयोगाचा वाटत नाही. तिने दारातला मोहसल हटवला आणि पैसे देण्याचा क्षणही हटवला. खरा प्रश्न संमतीच्या मजकुराचा आहे. जेथे तो वाचून दाखवला गेला, त्याची प्रत देणाऱ्याकडे राहिली आणि मुदत दोघांनी मिळून लिहिली, तेथे वसुलीला व्यवहाराचे रूप आले. जेथे यांपैकी काही सुटले, तेथे लोकांनी कधी कागद जाळले, तर कधी नुसते ‘कापले जातात’ असे म्हणून ते गप्प राहिले.

आम्ही वर्गात ताम्रपट शिकवतो, बखरी शिकवतो, कर्जरोख्यांची भाषा शिकवतो. मराठीच्या विद्यार्थ्यापुढे पहिल्या नोकरीच्या पहिल्याच महिन्यात जो मजकूर सहीसाठी येतो, तोही त्याच परंपरेतला दस्तऐवज आहे. त्यातील कमाल रकमेचा आकडा आपल्या हाताने लिहावा, शेवटची तारीख आपण ठरवावी, आणि भरलेल्या पत्राची प्रत मागून घरी ठेवावी. वाचून दाखवणारा कोणी नसेल, तर सही करण्यापूर्वी तो मजकूर स्वतःच मोठ्याने वाचावा. ‘कापले जातात’ या वाक्याला कर्ता परत मिळण्याची सुरुवात तेथूनच होईल.